केंद्रकात जाणारे प्रथिन नेमके कोण ओळखते, आणि कुठे?

शुक्रतारा (धागाकर्ती)

बारावीच्या जीवशास्त्रात केंद्रकपटलाविषयी साधारणपणे एवढेच सांगितले जाते, की या दुहेरी पटलाला छिद्रे असतात आणि त्यांतून केंद्रक व पेशीद्रव यांच्यात पदार्थांची देवाणघेवाण होते. मी हा विषय शिकवते आणि हे वाक्य मला नेहमीच अपुरे वाटते. जवळजवळ सगळी प्रथिने पेशीद्रवातल्या रायबोसोमवर तयार होतात. त्यांतली हिस्टोने, डीएनए पॉलिमरेज आणि जनुके चालू-बंद करणारी प्रथिने केंद्रकात पोचली नाहीत तर पेशी चालूच शकणार नाही. उलट साखरेचे विघटन करणारी विकरे पेशीद्रवातच राहिली पाहिजेत. छिद्रे सर्वांसाठी उघडी असतील तर ही निवड होते कशी?

माझे प्रश्न तीन आहेत. पहिला, आत जाण्यास पात्र असलेले प्रथिन कोण ओळखते? छिद्र स्वतः ओळखते, की त्याच्या आधीच कोणीतरी? दुसरा, या प्रथिनांमध्ये पाकिटावरच्या पत्त्यासारखा अमिनो आम्लांचा एक छोटा क्रम असतो असे वाचले आहे. पाच-सात अमिनो आम्लांवर एवढा मोठा निर्णय खरोखर होतो का? तिसरा, जे छिद्रातून आत जाऊ शकते ते त्याच छिद्रातून बाहेर का येत नाही?

ज्यांनी या विषयावर काम केले आहे किंवा सखोल वाचन केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. मुलांना सोपे करून सांगणे नंतर माझे मी करीन. आधी मला ते नीट समजून घ्यायचे आहे.

सूक्ष्मदर्शी

चांगला धागा. पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

ज्याला आपण छिद्र म्हणतो ती प्रत्यक्षात पेशीतील सर्वांत मोठ्या रचनांपैकी एक आहे. सस्तन प्राण्यांत तिचे वजन सुमारे १२० मेगाडाल्टन भरते (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचे एकक; एक मेगाडाल्टन म्हणजे हजार किलोडाल्टन). सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या अनेक प्रती, एकूण हजाराच्या आसपास रेणू, आठ समान भागांच्या कड्यांत रचलेले असतात. या प्रथिनांना न्यूक्लिओपोरिन म्हणतात. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश प्रथिनांना लांब, ठराविक घडण नसलेल्या शेपट्या असतात आणि त्यांत फेनिलअॅलनिन व ग्लायसिन ही जोडी पुन्हा पुन्हा येते. या शेपट्या छिद्राच्या मध्यभागी दाटीने पसरलेल्या असतात. त्यामुळे मधली वाट रिकामी नसते.

पाणी, आयन, साखर आणि लहान प्रथिने या दाटीतून आपोआप पसरत जातात. वजन ४० किलोडाल्टनच्या पुढे गेले की आपोआप शिरणे फार मंदावते. ही मर्यादा एका रेषेवर अचानक सुरू होत नाही, हळूहळू कडक होत जाते. मोठ्या प्रथिनाला, म्हणजे मालाला, आत जायचे असेल तर त्याला वाहक (ने-आण करणारे दुसरे प्रथिन) लागतो. इथेच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे: छिद्र मालाला ओळखत नाही, ते वाहकाला ओळखते. मालाला वाहक ओळखतो, आणि ती ओळख पेशीद्रवात, छिद्राला स्पर्श होण्यापूर्वीच झालेली असते.

मोरपीस

सूक्ष्मदर्शी यांच्या उत्तराला इतिहासाची जोड देते, कारण या विषयातले प्रयोग अतिशय सुंदर आहेत आणि वर्गात सांगण्यासारखे आहेत.

झेनोपस नावाच्या आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशीत न्यूक्लिओप्लास्मिन नावाचे प्रथिन भरपूर असते. त्याचे पाच समान घटक एकत्र जोडलेले असतात आणि प्रत्येकाला एक शेपटी असते. १९८२ मध्ये डिंगवॉल, लास्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकर वापरून या शेपट्या कापल्या. शेपट्या नसलेला गाभा पेशीद्रवात टोचला, तर तो तिथेच राहिला. नुसत्या शेपट्या टोचल्या, तर त्या केंद्रकात गेल्या. पाचांपैकी एकच शेपटी शिल्लक असली तरी सगळा गाभा आत गेला, फक्त सावकाश. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. बिनशेपटीचा गाभा थेट केंद्रकात टोचल्यावर तो केंद्रकातच टिकून राहिला. म्हणजे शेपटीचे काम केंद्रकात धरून ठेवण्याचे नव्हते, आत प्रवेश मिळवून देण्याचे होते. तोपर्यंत ‘सगळेच आत-बाहेर फिरते आणि ज्याला आत चिकटायला जागा मिळते ते तिथे साठते’ असाही एक विचार होता, त्याला या प्रयोगाने मोठा धक्का बसला.

१९८४ मध्ये फेल्डहेर यांनी सोन्याच्या सूक्ष्म कणांवर हेच प्रथिन चढवून ते बेडकाच्या अंडपेशीत टोचले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते कण छिद्राच्या अगदी मध्यातून जाताना पकडले गेले. वाट कोणती, याविषयी मग फारशी शंका उरली नाही.

बाभूळवन

वाचतो आहे. पण दुसऱ्या प्रश्नावर कोणीतरी नीट लिहा. ‘पत्ता’ हा शब्द ऐकायला सोपा असला तरी तो मला पटत नाही.

मोरपीस

बाभूळवन, दुसऱ्या प्रश्नाचा पाया १९८४चाच आहे. एसव्ही४० या माकडांच्या विषाणूचे ‘लार्ज टी’ नावाचे प्रथिन केंद्रकात साठते. कॅल्डेरॉन, अॅलन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी त्यातील १२८व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल, लायसिन, बदलले. प्रथिन तयार झाले, पण पेशीद्रवातच अडकून पडले. मग त्यांनी आजूबाजूचा भाग छाटत छाटत सात अमिनो आम्लांपर्यंत आणला: प्रोलिन, लायसिन, लायसिन, लायसिन, आर्जिनिन, लायसिन, व्हॅलिन. हा तुकडा पायरुवेट कायनेज या विकराला जोडला. हे विकर ग्लुकोजच्या विघटनात काम करते आणि एरवी कायम पेशीद्रवात राहते. तुकडा जोडल्यावर ते केंद्रकात जाऊन बसले.

एखादा क्रम काढला तर प्रवेश थांबतो, एवढ्यावरून तो क्रम आवश्यक आहे इतकेच कळते. तोच क्रम परक्या प्रथिनाला लावला आणि तेही आत गेले, तर तो पुरेसाही आहे हे कळते. या दोन्ही बाजू एकाच वर्षी दाखवल्या गेल्या. पुढे १९९१ मध्ये न्यूक्लिओप्लास्मिनचा संकेत, म्हणजे हा पत्त्यासारखा क्रम, दोन तुकड्यांचा असल्याचे स्पष्ट झाले: लायसिन-आर्जिनिनची एक छोटी जोडी, मग सुमारे दहा अमिनो आम्लांचे अंतर, आणि मग लायसिनचा दुसरा गट.

बाभूळवन

धन्यवाद. माझी शंका मात्र तशीच आहे, ती जरा सविस्तर मांडतो.

मी संगणकावर प्रथिनांच्या क्रमांचे विश्लेषण करतो. लायसिन आणि आर्जिनिनचे असे घोळके प्रथिनांमध्ये जागोजागी सापडतात. संगणकाला ‘चार-पाच धन प्रभाराची अमिनो आम्ले सलग शोध’ असे सांगितले, तर तो कधीही केंद्रकात न जाणाऱ्या कितीतरी प्रथिनांवर बोट ठेवतो. उलट खरोखर केंद्रकात राहणाऱ्या काही प्रथिनांत असा क्रम दिसतच नाही. म्हणून केवळ क्रम पाहून निर्णय देणाऱ्या विधानांवर माझा विश्वास कमी आहे. पत्ता हा लिहिला की लिहिला. इथे तोच मजकूर एका प्रथिनात कामाचा ठरतो आणि दुसऱ्यात निरुपयोगी. असे का व्हावे?

सूक्ष्मदर्शी

बाभूळवन यांची शंका रास्त आहे. तिचे उत्तर वाहकाच्या रचनेत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

या संकेताला ओळखणारे प्रथिन म्हणजे इम्पॉर्टिन-अल्फा. १९९४ मध्ये डिर्क गोर्लिश आणि सहकाऱ्यांनी ते बेडकाच्या अंड्यांच्या द्रावातून शुद्ध केले. लगेच पुढच्या वर्षी त्याचा जोडीदार इम्पॉर्टिन-बीटाही हाती लागला. अल्फा मालाला धरते, बीटा अल्फाला धरते आणि छिद्रातल्या शेपट्यांशी संबंध बीटाचा येतो.

इम्पॉर्टिन-अल्फाची स्फटिकरचना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनतीन सर्पिलांचे (साखळीच्या वेटोळे घेतलेल्या भागांचे) दहा गट एकावर एक किंचित वळत रचलेले आहेत आणि त्यांच्या आतल्या बाजूने एक लांब खोबण तयार झाली आहे. खोबणीत ठराविक अंतरावर ट्रिप्टोफॅन आणि अॅस्परॅजिन ही अमिनो आम्ले रांगेने आहेत, आणि जवळपास ऋण प्रभाराची अमिनो आम्ले आहेत. मालाचा संकेत ताणलेल्या दोऱ्याच्या स्वरूपात या खोबणीत बसतो. लायसिनची लांब साखळी दोन ट्रिप्टोफॅनच्या मध्ये शिरते आणि तिच्या टोकाचा धन प्रभार ऋण प्रभाराशी जुळतो. खोबणीत अशा दोन जागा आहेत, एक मोठी आणि एक लहान. एसव्ही४०चा सलग संकेत मुख्यतः मोठ्या जागेत बसतो. न्यूक्लिओप्लास्मिनच्या संकेताचे दोन तुकडे दोन जागांत बसतात आणि मधली दहा अमिनो आम्ले दोन्हींमधले अंतर ओलांडतात. १२८व्या लायसिनला एवढे महत्त्व का, तेही इथे कळते: मोठ्या जागेतल्या सर्वांत निर्णायक खाचेत नेमके तेच बसते.

यावरून दोन गोष्टी निघतात. संकेत ताणलेल्या, मोकळ्या स्वरूपात उपलब्ध असला पाहिजे. तोच क्रम एखाद्या सर्पिलात गुंडाळलेला असेल, प्रथिनाच्या गाभ्यात दडलेला असेल किंवा दुसऱ्या प्रथिनाने झाकलेला असेल, तर इम्पॉर्टिनच्या दृष्टीने तो नाहीच. संगणक अक्षरे पाहतो, इम्पॉर्टिनला आकार आणि प्रभार लागतो. दुसरी गोष्ट बंधाच्या बळाची. बंध फार दुबळा असेल तर माल उचलला जात नाही, आणि फार घट्ट असेल तर आत गेल्यावर सुटत नाही. कामाचा संकेत या दोन टोकांच्या मध्येच असावा लागतो.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. इम्पॉर्टिन-अल्फाच्या स्वतःच्या सुरुवातीच्या भागात लायसिन-आर्जिनिनचा गट आहे. बीटा जोडलेले नसते तेव्हा हा गट वळून अल्फाच्याच खोबणीत बसतो आणि ती व्यापतो. बीटा आले की ते हा भाग स्वतःकडे ओढून घेते आणि खोबण मालासाठी मोकळी होते. त्यामुळे जोडीदाराशिवाय अल्फा मालाला घट्ट धरूच शकत नाही.

कोकणकडा

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. फार सुंदर. संग्रही ठेवतो आहे.

डोंगरयात्री

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे. ‘झाकलेला संकेत’ या मुद्द्याचा रोजच्या औषधांशी थेट संबंध आहे, म्हणून लिहितो.

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस दिले जाते. टी-पेशींमध्ये एनफॅट नावाचे प्रथिन असते, जे केंद्रकात जाऊन प्रतिकारशक्तीला चेतवणारी जनुके चालू करते. विश्रांतीच्या काळात त्यावर अनेक फॉस्फेट गट बसलेले असतात आणि त्याचा केंद्रकसंकेत उघडा पडत नाही. पेशीला परक्या पदार्थाची चाहूल लागून कॅल्शियम वाढले, की कॅल्सिन्यूरिन हे विकर ते फॉस्फेट काढून टाकते, संकेत उघडतो आणि एनफॅट केंद्रकात शिरते. ही दोन्ही औषधे कॅल्सिन्यूरिनला थांबवतात. म्हणजे रुग्णाचे शरीर नवे मूत्रपिंड नाकारू नये यासाठी आपण एका प्रथिनाला केंद्रकाबाहेर ठेवत असतो.

एनएफ-कप्पा-बी या दाहाशी संबंधित प्रथिनाचेही असेच आहे. आयकप्पाबी नावाचे दुसरे प्रथिन त्याचा संकेत झाकून बसते. ते नष्ट केले गेले की वाट खुली होते. स्टेरॉइडच्या गोळ्याही याच मार्गाने काम करतात. डेक्सामिथॅसोन ग्राही प्रथिनाला जोडले जाईपर्यंत ते ग्राही मुख्यतः पेशीद्रवात असते, आणि जोडले गेल्यावर काही मिनिटांत केंद्रकात जमा होते. शुक्रतारा यांच्या विद्यार्थ्यांना औषधांची ही उदाहरणे नक्की आवडतील.

गवतीचहा

विषाणूंनीही ही जागा हेरली आहे. इबोला विषाणूचे व्हीपी२४ हे प्रथिन इम्पॉर्टिन-अल्फाच्या काही प्रकारांना नेमक्या त्या जागी चिकटते, जिथे स्टॅट१ हे आपले प्रथिन बसायला हवे. इंटरफेरॉन या विषाणूची सूचना देणाऱ्या प्रथिनाचा संदेश केंद्रकापर्यंत नेण्याचे काम स्टॅट१चे असते. ते आत गेले नाही तर विषाणूविरोधी जनुके जागीच होत नाहीत. कोविडच्या विषाणूचे ओआरएफ६ हे प्रथिन वेगळी वाट धरते. ते छिद्रातल्या एनयूपी९८ या घटकाला चिकटते, पण परिणाम तोच, स्टॅट१ बाहेर राहते. एकाने वाहक अडवला, दुसऱ्याने छिद्र.

याच संदर्भात एक विचारतो. कोविडकाळात आयव्हरमेक्टिनविषयी ‘ते इम्पॉर्टिन रोखते, म्हणून विषाणूवर चालते’ असे सांगितले जात होते. त्यामागे विज्ञान होते, असे मला वाटते. ते पूर्ण खोटे होते का?

डोंगरयात्री

पूर्ण खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक दिशाभूल करणारे ठरले.

आयव्हरमेक्टिन इम्पॉर्टिन अल्फा-बीटाच्या वाहतुकीत अडथळा आणते, हे प्रयोगशाळेतल्या पेशींवर २०१२च्या सुमारास दाखवले गेले होते. एचआयव्ही आणि डेंग्यूच्या प्रथिनांवर ते काम झाले होते. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी काचपात्रातील पेशींवर कोविड विषाणूविरुद्धही ते वापरले. पण तिथे वापरलेली मात्रा ५ मायक्रोमोलर होती. माणसाला नेहमीच्या डोसमध्ये दिलेल्या आयव्हरमेक्टिनचे रक्तातले प्रमाण त्याच्या कितीतरी पट कमी असते. शिवाय हा विषाणू आपल्या जनुकीय साहित्याच्या प्रती पेशीद्रवात काढतो, केंद्रकात नाही. त्यामुळे इम्पॉर्टिन रोखून त्याची वाढ थांबेल, हा तर्क मुळातच दूरचा होता.

मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध केवळ चाचण्यांपुरते वापरावे असे सांगितले. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधक म्हणून ते देण्याची घोषणा केली. २०२२ मध्ये ब्राझीलमधील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण त्या औषधाने कमी झाले नव्हते. पेशीतल्या एका यंत्रणेवर औषधाचा परिणाम दिसणे आणि रुग्णाला त्याचा उपयोग होणे, यांत मात्रेचा प्रश्न नेहमी विचारावा लागतो. जंतांवर आणि नदीअंधत्वावर या औषधाने केलेले काम मात्र अतिशय मोठे आहे. २०१५च्या वैद्यकाच्या नोबेलचा अर्धा भाग त्यासाठीच होता.

गवतीचहा

उत्तर पटले. मात्रेचा मुद्दा तेव्हा कोणी एवढ्या स्पष्टपणे सांगितला नव्हता.

निळीशाई

मी पीएचडी करत आहे. दुसऱ्या प्रश्नाबाबत एक व्यावहारिक सूचना द्यावीशी वाटते, कारण नव्या विद्यार्थ्यांची इथे हमखास फसगत होते.

एखाद्या तुकड्यात केंद्रकसंकेत आहे का हे पाहण्यासाठी तो हिरव्या चमकणाऱ्या जीएफपी प्रथिनाला जोडतात आणि केंद्रक चमकते का ते पाहतात. पण जीएफपीचे स्वतःचे वजन अवघे २७ किलोडाल्टन आहे. ते कोणत्याही संकेताशिवाय छिद्रातून पसरत आत जाते. त्याला लहान तुकडा जोडला तरी एकूण वजन ४० किलोडाल्टनच्या आत राहते आणि केंद्रक चमकते, म्हणून संकेत सापडला असे मानणे चुकीचे ठरते. दोन-तीन जीएफपी सलग जोडून किंवा एखादे मोठे प्रथिन लावून वजन वाढवले, तरच निष्कर्षाला अर्थ येतो. पायरुवेट कायनेजची निवड म्हणूनच शहाणपणाची होती: त्याचे चार घटक एकत्र राहतात आणि ते इतके मोठे होते, की चुकून आत शिरण्याचा प्रश्नच नव्हता.

आणखी एक उदाहरण. जनुकसंपादनात वापरले जाणारे कॅस९ हे जीवाणूचे प्रथिन आहे. जीवाणूला केंद्रकच नसते, त्यामुळे त्या प्रथिनात असा संकेत असण्याचे कारण नाही, आणि सुमारे १६० किलोडाल्टन वजनामुळे ते आपोआप आतही जाणार नाही. म्हणून मानवी पेशींत वापरताना त्याला केंद्रकसंकेत मुद्दाम जोडावा लागतो. बहुतेकदा जोडला जातो तो एसव्ही४०चाच. मोरपीस यांनी सांगितलेली १९८४ची ती सात अमिनो आम्ले आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरली जात आहेत.

कोकणकडा

मला एक कळले नाही. छिद्रात शेपट्यांची दाटी आहे, ती मोठ्या प्रथिनाला अडवते. मग त्याहून मोठा असलेला वाहक आणि माल यांचा जोडसमूह त्याच दाटीतून कसा जातो? आणि किती वेळ लागतो?

सूक्ष्मदर्शी

वेळेचे उत्तर सोपे आहे: एका खेपेला साधारण काही मिलिसेकंद. एका छिद्रातून सेकंदाला सुमारे एक हजार खेपा होऊ शकतात असा अंदाज २००१ मध्ये रिबेक आणि गोर्लिश यांनी मोजमापावरून मांडला.

‘कसा’ याचे उत्तर अजून वादाचे आहे. इम्पॉर्टिन-बीटाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर अनेक खाचा असतात आणि त्यांत शेपट्यांमधले फेनिलअॅलनिन बसते. एकेक बंध अतिशय दुबळा असतो, क्षणात जुळतो आणि क्षणात सुटतो, पण असे बंध एकाच वेळी अनेक असतात. माझ्या मते गोर्लिश यांची मांडणी सर्वांत पटणारी आहे. तिच्यानुसार शेपट्या एकमेकींशी जुळून चाळणीसारखे जेल तयार करतात. वाहक शेपट्यांमधले ते जोड तात्पुरते सोडवत पुढे सरकतो आणि त्याच्या मागे जेल पुन्हा जुळते. त्यांच्या गटाने या शेपट्यांचे जेल काचपात्रात बनवून दाखवले, आणि वाहकाशिवायचे प्रथिन त्यात शिरत नाही व वाहकासह ते झपाट्याने शिरते, हेही दाखवले.

निळीशाई

सूक्ष्मदर्शी, इथे मी सहमत नाही. काचपात्रात दाट द्रावणापासून बनवलेले जेल आणि छिद्रात एका टोकाने भिंतीला बांधलेल्या शेपट्या यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या मांडणीनुसार, जी राउट आणि इतरांनी २०००च्या सुमारास पुढे आणली, या शेपट्या सतत हलत असतात. ज्याला त्यांच्याशी बंध जुळवता येत नाही त्याच्यासाठी त्या हालचालीमुळे आत शिरणे ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते, आणि वाहकाला बंधांमुळे ती किंमत भरून मिळते. जेलची गरजच लागत नाही. जिवंत पेशीतील शेपट्यांवर झालेली अलीकडची मापनेही त्या बऱ्याच मोकळ्या आणि हलत्या असल्याचे सुचवतात.

सूक्ष्मदर्शी

मापनांविषयीचा मुद्दा मान्य आहे. तरीही यीस्टच्या काही न्यूक्लिओपोरिनमध्ये शेपट्यांचा एकमेकींशी जुळण्याचा गुण काढून टाकला, की अडथळा दुबळा होतो, हे जेलच्या बाजूने महत्त्वाचे आहे. दोन्ही मांडण्या एका गोष्टीवर एकमत आहेत, की छिद्रात निवड होते ती वाहकाच्या बंधांमुळे, आणि शुक्रतारा यांच्या प्रश्नासाठी तेवढे पुरेसे आहे.

याच वादाशी जोडलेली एक माहिती: एचआयव्हीचे शंकूसारखे कवच सर्वांत रुंद जागी सुमारे ६० नॅनोमीटर भरते. ते छिद्रातून अखंड जाऊ शकणार नाही असे पूर्वी मानले जाई. २०२१ मध्ये गोठवलेल्या पेशींच्या इलेक्ट्रॉन चित्रणातून दिसले, की पेशीतले छिद्र शुद्ध करून काढलेल्या छिद्रापेक्षा रुंद असते आणि ते कवच त्यातून जाऊ शकते.

शुक्रतारा

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माझ्या अपेक्षेपेक्षा खूप पुढची मिळाली. माझा तिसरा प्रश्न मात्र अजून उभा आहे, आणि वरची चर्चा वाचून तो अधिक टोकदार झाला आहे. बंध दुबळे आहेत, वाहक शेपट्यांमधून दोन्ही दिशांना फिरू शकतो, मग माल आतच का साठतो? दिशा कोण ठरवते?

मोरपीस

या विषयाचा गाभा हाच आहे, असे मी मानते.

दिशा छिद्र ठरवत नाही. संकेतही ठरवत नाही. ती ठरवते रॅन नावाचे सुमारे २५ किलोडाल्टनचे एक लहान प्रथिन. १९९३ मध्ये मूर आणि ब्लोबेल, आणि स्वतंत्रपणे मेल्शियर व सहकाऱ्यांनी केंद्रकप्रवेशाला ते लागते हे दाखवले. रॅन दोन रूपांत असते, जीटीपी (एटीपीसारखा ऊर्जा देणारा रेणू) जोडलेले आणि जीडीपी (जीटीपीतला एक फॉस्फेट गेल्यावर उरणारा रेणू) जोडलेले. जीडीपी काढून जीटीपी बसवणारे प्रथिन आरसीसी१ हे गुणसूत्रांना चिकटून केंद्रकात असते. जीटीपीचे विघटन घडवणारे रॅनगॅप हे पेशीद्रवात, छिद्राच्या बाहेरच्या बाजूला बसलेले असते. या एका मांडणीमुळे केंद्रकात रॅन-जीटीपी भरपूर आणि बाहेर जवळपास नाही, अशी तीव्र विषमता कायम टिकते.

इम्पॉर्टिन-बीटा आणि माल आत पोचले, की रॅन-जीटीपी बीटाला जोडले जाते, बीटाचा आकार बदलतो आणि ते अल्फाला सोडते. बीटा सुटल्यावर अल्फाचा स्वतःचा तो भाग, ज्याविषयी सूक्ष्मदर्शी यांनी लिहिले, पुन्हा खोबणीकडे वळतो आणि माल बाहेर पडतो. बीटा रॅन-जीटीपीसह बाहेर जाते. अल्फाला बाहेर नेण्यासाठी कॅस नावाचा वेगळा वाहक आहे (जनुकसंपादनातल्या कॅस९शी त्याचा संबंध नाही), तोही रॅन-जीटीपी घेऊनच जातो. बाहेर रॅनगॅप जीटीपीचे विघटन करते, दोन्ही इम्पॉर्टिन मोकळी होतात आणि पुढच्या मालासाठी तयार होतात. म्हणजे मालाच्या एका खेपेमागे दोन जीटीपी खर्च होतात. रॅन-जीडीपीला पुन्हा आत आणण्यासाठी एनटीएफ२ हे स्वतंत्र प्रथिन आहे.

माल सुटला की त्याच्याजवळ वाहक नाही. तो मोठा असेल तर शेपट्यांच्या दाटीतून परत येऊ शकत नाही. शुक्रतारा यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

यातली ऊर्जा छिद्र ओलांडण्यासाठी खर्च होत नाही, हे विशेष लक्षात घ्यावे. ओलांडणे ही बंध जुळण्या-सुटण्याची आणि पसरण्याची गोष्ट आहे. ऊर्जा खर्च होते ती आत आणि बाहेर यांतला फरक टिकवण्यासाठी. १९९९ मध्ये नाचुरी आणि वाइस यांनी याचा निर्णायक पुरावा दिला. त्यांनी प्रयोगात रॅन-जीटीपीची विषमता उलटी केली, म्हणजे बाहेर जास्त ठेवले, आणि वाहतुकीची दिशाही उलटली. छिद्र तेच होते.

बाभूळवन

हे वाचून समाधान झाले. आता माझा एक प्रश्न. आरसीसी१ केंद्रकात असेल तरच रॅन-जीटीपी तयार होणार, आणि रॅन-जीटीपी असेल तरच माल आत जाणार. मग पेशीविभाजनानंतर केंद्रक नव्याने तयार होते तेव्हा आरसीसी१ आत जाते कसे? सुरुवात कुठून होते?

निळीशाई

विभाजनात केंद्रकपटल विरघळते, पण आरसीसी१ गुणसूत्रांना सोडत नाही. ते हिस्टोनांना चिकटून गुणसूत्रांवरच राहते. त्यामुळे पटल नसतानाही गुणसूत्रांभोवती रॅन-जीटीपी दाट असते, आणि त्या काळात तेच तर्कूच्या (गुणसूत्रे ओढून वेगळी करणाऱ्या रचनेच्या) सूक्ष्मनलिका रचण्यास मदत करते. पटल पुन्हा तयार होते ते गुणसूत्रांभोवती, त्यामुळे आरसीसी१ आपोआप आत सापडते. नव्याने बनलेल्या आरसीसी१च्या प्रतींना मात्र इम्पॉर्टिनच आत नेते. यीस्टमध्ये विभाजनाच्या वेळी पटल फुटतच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. अंतर्द्रव्यजालिकेकडे जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांचा संकेत प्रवेशानंतर कापून टाकला जातो. त्या संकेतांच्या शोधासाठी ब्लोबेल यांना १९९९चे नोबेल मिळाले. केंद्रकसंकेत कापला जात नाही. पटल विरघळले की केंद्रकातली प्रथिने पेशीभर विखुरतात आणि नव्या केंद्रकात त्यांना पुन्हा जावे लागते, म्हणून संकेत जन्मभर सोबत असावा लागतो.

डोंगरयात्री

एक भर घालतो, कारण ‘संकेत म्हणजे लायसिनचा घोळका’ असा समज राहू नये. बाभूळवन यांनी म्हटले होते की काही प्रथिनांत तो दिसतच नाही. मानवी पेशीत इम्पॉर्टिन-बीटाच्या कुळातले अनेक वाहक आहेत आणि त्यांतले बरेचसे अल्फाशिवाय थेट माल उचलतात. ट्रान्सपोर्टिन हा त्यांपैकी एक. तो ज्याला धरतो त्या संकेताच्या शेवटी प्रोलिन-टायरोसिन ही जोडी असते, आणि त्याचे नियम २००६ मध्ये युह मिन चूक यांच्या गटाने रचनेवरून उलगडले.

एफयूएस या प्रथिनाच्या शेवटी असाच संकेत आहे. तिथे ५२५व्या जागेवरचे प्रोलिन बदलून ल्युसिन झाले, की ट्रान्सपोर्टिनची पकड ढिली होते आणि एफयूएस पेशीद्रवात साठू लागते. हा बदल असलेल्या व्यक्तींना एएलएस, म्हणजे स्नायूंवरचे नियंत्रण हळूहळू नाहीसे करणारा चेतापेशींचा आजार, पुष्कळदा तरुण वयातच आणि तीव्र स्वरूपात होतो.

शुक्रतारा

या माहितीबद्दल फार आभारी आहे. वर्गासाठी मी क्रम असा ठेवणार आहे: आधी न्यूक्लिओप्लास्मिनच्या कापलेल्या शेपट्या, मग पायरुवेट कायनेज, मग इम्पॉर्टिनची खोबण आणि शेवटी रॅन. प्रत्येक टप्प्यावर निकाल सांगण्याआधी मुलांनाच ‘आता काय होईल?’ असे विचारीन. नाचुरी आणि वाइस यांचा उलटी दिशा दाखवणारा प्रयोग बारावीला झेपेल का, याविषयी मात्र मोरपीस यांचे मत हवे आहे.

मोरपीस

झेपेल. जीटीपीची रसायने बाजूला ठेवा आणि फक्त एवढे सांगा, की वाहक जिथे रॅन-जीटीपी भेटते तिथे माल सोडतो. मग फळ्यावर रॅन-जीटीपी आत काढा आणि माल कुठे साठेल ते विचारा. नंतर ते पुसून बाहेर काढा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. दुसऱ्या वेळी उत्तर मुलेच देतील.